गावात नव्याने राहायला आलात? ग्रामपंचायतीला हिशेब असा विचारा

आमच्या वाडीतली पाखाडी, म्हणजे चिरे घातलेली पायवाट, कागदावर ६२ मीटर होती आणि पायाखाली ४८. मधले १४ मीटर कुठे गेले ते शोधता शोधता मला ग्रामपंचायत कशी चालते हे कळलं. त्याआधी अठ्ठावीस वर्षं मुंबईत एका कंपनीच्या हिशेब खात्यात काढली. लोकांची लाखोंची बिलं तपासली, पण आपल्या गावच्या ग्रामपंचायतीचं दप्तर कधी उघडून बघितलं नव्हतं. गणपती, शिमगा आणि मे महिना, एवढ्यापुरतंच गाव.

तेव्हा हा लेख माझ्यासारख्यांसाठी. निवृत्त होऊन परत आलेले, घरून काम करता येतं म्हणून आलेले, लग्न होऊन कोकणात आलेल्या मुली, होमस्टे काढायला आलेली जोडपी. मी राजापूर तालुक्यात राहतो, म्हणून उदाहरणं इकडची. कायदा मात्र रायगडपासून दोडामार्गापर्यंत एकच.

आधी यादीत नाव आहे का बघा

गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो ग्रामसभेचा सदस्य. घर तुमच्या नावावर असेल, देवळाच्या जीर्णोद्धाराला सगळ्यांत मोठी देणगी तुमची असेल, तरी मत मुंबईत असेल तर ग्रामसभेत तुमचा हात मोजला जात नाही. आमच्याकडे मे महिन्यातल्या सभेत हा वाद ठरलेला. एखादा चाकरमानी तावातावाने बोलायला उठतो आणि मागून आवाज येतो, "नाव कुठं हाय तुमचं? गोरेगावलाच ना?" विषय तिथेच बसतो.

नाव हलवायला निवडणूक आयोगाचा फॉर्म ८ भरायचा. (ग्रामपंचायतीचा '८ नंबर' वेगळा, त्याचं पुढे येईल.) मोबाईलवरून भरता येतो, किंवा गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्याकडे द्यायचा. हे काम बहुतेक ठिकाणी शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीच्या बाई करतात, त्यामुळे शोधायला लांब जावं लागत नाही.

घरपट्टी आणि पाणीपट्टीही भरून टाका आणि पावती जपून ठेवा. थकबाकीदाराने हिशेब विचारला तर पहिलं उत्तर काय मिळेल हे तुम्हालाही माहीत आहे.

यादीत नाव यायला वेळ लागेल, तोवर हात बांधून बसायला नको. माहितीचा अधिकार कुठल्याही भारतीय नागरिकाला आहे, त्याला गावचं मत लागत नाही.

हे काम नेमकं कोणाचं?

नवखा माणूस पहिली चूक इथे करतो. रस्त्यावर खड्डा दिसला की सरपंचाला गाठतो. सरपंच म्हणतो, तो रस्ता आमचा नाही. याला वाटतं टोलवाटोलवी चाललीय. निम्म्या वेळा सरपंच खरं बोलत असतो.

राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे आपला मुंबई-गोवा हायवे, केंद्राचा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. रस्त्याच्या कडेच्या दगडावर किंवा फलकावर 'प्रजिमा', 'इजिमा', 'ग्रामा' अशी अक्षरं असतात, ती वाचली की कोणाच्या दारात जायचं ते कळतं. वाडीतली पाखाडी, पायवाट, गल्लीतला दिवा हे ग्रामपंचायतीचं. विजेचा खांब वाकला तर महावितरण. खाडीकाठच्या शेतात खारं पाणी घुसलं तर खारभूमी विभाग, समुद्राकडे धूपप्रतिबंधक बंधारा हवा असेल तर पतन विभाग. तलाठी आणि ग्रामसेवक यांचीही गल्लत होते. सातबारा तलाठ्याकडे, कारण तो महसूल खात्याचा. घराचा उतारा ग्रामपंचायतीत, ज्याला आपल्याकडे सगळे 'असेसमेंट' म्हणतात. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं २०२४ मध्ये एक करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं गेलं, पण हाक अजून 'ग्रामसेवक' अशीच मारतात. मीही तेच लिहितो.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण कोकणात सगळ्यांत जास्त पैसा आणि सगळ्यांत जास्त भांडणं त्यातच असतात. जल जीवन मिशन २०१९ साली जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला, असा त्याचा हिशेब. योजना बांधून घेते जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग, आणि पुरी झाली की ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात येते. ताबा घेतला की पंप जळो, पाइप फुटो, सगळं गावाच्या गळ्यात. म्हणून माझं एकच सांगणं आहे: योजना ताब्यात घेण्याचा ठराव पावसाळ्यात करू देऊ नका. जुलैमध्ये कोकणातली कुठलीही विहीर काठोकाठ असते, आणि नळाला पाणी येतं म्हणून सगळे खूश होऊन सह्या करतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांत वरच्या वाडीतल्या शेवटच्या नळाला पाणी येतं का बघा आणि मग हात वर करा.

घरबसल्या एक तास

कोणालाही काही विचारण्याआधी मोबाईलवर 'ई-ग्रामस्वराज' उघडा. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडलं की आराखड्यातली कामं, आलेला निधी आणि झालेला खर्च दिसतो. कोणत्या तारखेला कोणाला किती रक्कम गेली हेही व्हाउचरवार असतं. आपल्याकडे या आराखड्याच्या मोहिमेचं नाव 'आमचं गाव, आमचा विकास'.

तिथे दोन शब्द भेटतील, बंधित आणि अबंधित. २०२१ ते २०२६ या पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतीला आलेल्या पैशातला ६० टक्के भाग बंधित होता: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, पण पगारावर नाही. राज्याच्या वाट्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला, अशी वाटणी होती. कागदावर बंधित निधीतून कचराकुंड्या घेतलेल्या दिसल्या आणि गावात एकही कुंडी नसली, तर विचारायला प्रश्न आयता मिळाला.

वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीशिवाय हलत नाहीत. सरपंचबाईंची ती छोटी पेनड्राइव्हसारखी चावी कोणाच्या खिशात असते, हा बऱ्याच गावांतला न विचारलेला प्रश्न आहे. नवऱ्याच्या, दिराच्या, नाहीतर संगणक चालवणाऱ्या पोराच्या. ती चावी बाईंनी स्वतःकडे ठेवावी एवढं जरी गावात कोणी प्रेमाने सांगितलं तरी खूप झालं.

या ॲपवर सगळं दिसत नाही हेही लक्षात ठेवा. आमदार निधी, जिल्हा नियोजनचा पैसा, बांधकाम विभागाने बांधलेला साकव (छोटा पूल) यांचा हिशेब ज्याच्या त्याच्या कार्यालयात.

दप्तर बघायला जा, आणि काय मागायचं ते ठरवून जा

"मला हिशेब बघायचाय" असं म्हणत गेलात तर चहा मिळेल. "नमुना ५ दाखवा" म्हणालात तर वही मिळेल. ग्रामपंचायतीचं सगळं दप्तर ठरलेल्या ३३ नमुन्यांत असतं, २०११ च्या लेखासंहितेप्रमाणे. सगळे पाठ करायची गरज नाही. १ म्हणजे अंदाजपत्रक, ३ वर्षाचा जमाखर्च, ५ रोकड वही, ७ साधी पावती, ८ कर आकारणी, ९ कराची मागणी, १० कर भरल्याची पावती. ३३ नंबरला गावातली झाडं असतात. रस्त्याकडेचा जुना आंबा रातोरात तोडला गेला की ही वही आठवते.

कोकणासाठी मी २३ नंबरला सगळ्यांत वर ठेवीन. ती ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. आपल्याकडे घरं विखुरलेली, जमिनीचे तुकडे लहान, एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं आणि त्यातली निम्मी मुंबईत. वाट पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या तरी खाजगी जागेतून जाते. भाऊबंदकीत बिनसलं की एक जण चिऱ्याचा गडगा घालतो आणि आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून रस्त्यावर आणावं लागतं. ती वाट २३ नंबरला असेल तर ग्रामपंचायत गडगा काढायला सांगू शकते. नसेल तर सरपंच हात वर करतो, आणि सरकारी पैसा टाकून तिथे काँक्रीट करायलाही अडचण येते. नोंद करायची तर जमीनमालकांची संमतीपत्रं लागतात. म्हणून घर बांधायला किंवा जुनं घर घ्यायला आला असाल, तर सातबाऱ्याआधी २३ नंबर बघा.

बघायला कधी जायचं? २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळी आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघायला खुले ठेवायला सांगितलं आहे. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. एक वही आणि पेन न्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ग्रामसेवकांनी कपाटाची चावी शिपायाकडे आणि शिपाई बाजारात असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, बसतो. पावणेपाचला चावी खणातच सापडली. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी अडवलं नाही, हेही सांगायला हवं. एका ग्रामसेवकाकडे बऱ्याचदा दोन-दोन ग्रामपंचायती असतात, अर्धा आठवडा तालुक्याच्या मीटिंगांत जातो. माणूस दमलेला असतो.

ग्रामसभा

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास त्या होतात. नोटीस सात दिवस आधी लागते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी आकडा. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. इथेच मेख आहे. पहिल्या सभेला वीस माणसं येतात, सभा तहकूब होते, आणि पुढची सभा बारा माणसांत गावाचं वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर करते. 'तहकूब' ऐकून घरी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षकांचे शेरे ठेवावे लागतात. म्हणजे मेची सभा हिशेबाची. आपल्याकडे नेमके त्याच दिवसांत आंबे, लग्नं आणि मुंबईकर एकदम आलेले असतात, पण वर्षातली एक सभा निवडायची झाली तर हीच.

प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती झाली का, हे इतिवृत्तात बघा. पुष्कळदा बचत गटाच्या मीटिंगमध्ये वही फिरवून सह्या घेतलेल्या असतात. आमच्या गावात खरी महिला ग्रामसभा पहिल्यांदा भरली तेव्हा पुरुषांच्या सभेत कधी न आलेला विषय निघाला: वरच्या वाडीतल्या मुली संध्याकाळी एसटीतून उतरतात त्या थांब्यावर दिवा नाही. दिव्याचा खर्च फार नव्हता. विषयच कोणी मांडला नव्हता.

कोकणात आणखी एक सभा असते, ती कुठल्याच कायद्यात नाही. देवळात बसणारी गावकी. पालखी, जत्रा, मानपान तिथे ठरतं, आणि बऱ्याच गावांत सरपंच बिनविरोध कोण हेही. तिच्याशी भांडू नका, नव्याने आलेल्या माणसाने तर नाहीच. पण सार्वजनिक पैशाचा निर्णय देवळात ठरला असला तरी तो ग्रामसभेत यायला हवा, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट, कारण गावकीत बायका नसतात आणि सगळ्या वाड्याही नसतात.

गाऱ्हाणं आपण सगळ्यांनी ऐकलंय. गावकर देवासमोर उभा राहून मागणं मांडतो आणि मागची मंडळी प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणतात. देवापुढे ते शोभतं. ग्रामसभेतही तसंच चालतं ही अडचण आहे. ग्रामसेवक विषय वाचतो, दोन माना हलतात, वहीत 'सर्वानुमते मंजूर' पडतं. तेव्हा सभेत तीन-चार गोष्टी पाळा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. आपला प्रश्न दोन-तीन दिवस आधी लेखी देऊन पोहोच घ्या, म्हणजे 'ऐन वेळचे विषय' या शेवटच्या घाईत तो गुदमरत नाही. हजेरीच्या वहीत सही करताना वर काय लिहिलंय ते वाचा, कोऱ्या पानावर सही नको. ठराव तुमच्या मनाविरुद्ध झाला तर विरोध नावासह नोंदवून घ्या.

बोलायचं कसं, हेही शिकावं लागतं. आमचा सरपंच माझ्या चुलत भावाचा मुलगा. घरी मी त्याला 'अरे' म्हणतो, तो मला काका म्हणतो. पहिल्या सभेत मी "अरे, त्या पाखाडीचं काय झालं?" असं विचारलं आणि त्याने घरच्यासारखंच उत्तर दिलं, "काय ओ काका, विश्वास नाय काय आमच्यावर?" सगळे हसले. आता पुतण्यावर विश्वास नाही असं कोण म्हणणार? पुढच्या सभेपासून मी सभेत त्याला "अहो सरपंच" म्हणायला लागलो. त्याला आधी गंमत वाटली, मग बरंही वाटलं असावं. प्रश्न खुर्चीला होता, उत्तरही खुर्चीकडून आलं.

पाखाडी कशी मोजली

आमच्या घराच्या मागून वरच्या वाडीला जाणारी जांभ्याच्या चिऱ्यांची जुनी पाखाडी. तिचं काँक्रीट मार्चअखेरीला झालं. मला त्यात काही खटकलं नव्हतं. शेजारच्या काकी विहिरीवरून येताना म्हणाल्या, "फणसापासनं पुढं काय केलंच नाय. जुनेच चिरे हायत." मी मान हलवली आणि विसरलो. दोन महिन्यांनी ई-ग्रामस्वराजवर त्या कामाचं बिल पूर्ण निघालेलं दिसलं.

अशा कामात बघायचं काय? कामाच्या जागी फलक हवा: कामाचं नाव, निधी कुठला, रक्कम, ठेकेदार, दोष दायित्व कालावधी, म्हणजे किती काळात बिघडलं तर ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचं. त्यामागे इस्टिमेट, म्हणजे काय करायचं ठरलं होतं. आणि मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे 'एमबी' म्हणतात, म्हणजे प्रत्यक्षात काय केलं. एमबी अभियंता लिहितो: लांबी, रुंदी, जाडी. बिल त्यावरून निघतं. फोटो, फलक, उद्घाटनाचा नारळ हे सगळं वरवरचं. पैशाचं मूळ एमबीत.

मी एमबीची प्रत मागितली. लांबी ६२ मीटर, रुंदी १.२ मीटर. गवंड्याकडून ३० मीटरची टेप आणली. एक टोक काकींनी धरलं, दुसरं मी. फणसाच्या मुळाशी पोचेपर्यंत टेप एकदा संपली आणि वर १८ मीटर भरले, म्हणजे ४८ चा आकडा आला. काकींनी फक्त "बघा" म्हटलं. जाडी मोजता येणार नाही असं वाटलं होतं, पण कडेची माती पहिल्या पावसात वाहून गेली होती आणि काँक्रीटचा थर उघडा पडला होता. तो बरोबर निघाला. हेही मी लिहून ठेवलं, कारण जे बरोबर आहे ते लिहिलं नाही तर चुकीचं म्हणून जे सांगतो त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

मग मी एक मूर्खपणा केला. फणसाजवळचा फोटो वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "१४ मीटर गेले कुठे?" दोन तासांत गावच्या लोकांच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर गेला, रात्री बोरिवलीहून फोन. सरपंचाची आई, माझी वहिनी, चार महिने बोलली नाही, गौरीच्या ओवशालाही आमच्याकडे आली नाही. आणि पाखाडीचं? काही नाही. फोटोला आवक क्रमांक नसतो.

काम झालं ते साध्या अर्जाने. "पाखाडीची प्रत्यक्ष फेरमोजणी करावी" एवढा एका ओळीचा अर्ज, सोबत एमबीची प्रत, पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांच्या नावाने, प्रत ग्रामपंचायतीला. पाचव्या आठवड्यात अभियंता आला. काकी स्वतः टेप घेऊन उभ्या होत्या. पाऊस संपल्यावर ठेकेदाराने उरलेले मीटर करून दिले. कोणाला शिक्षा झाली नाही. ६२ कसे लिहिले गेले याचं उत्तर 'नजरचुकीने' असं आहे.

नियमाप्रमाणे काम करणारा एक, मोजणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा असतो: ठेकेदार, अभियंता, स्थानिक निधी लेखापरीक्षा. गावात तिघेही एकाच टपरीवर चहा पितात. चौथा माणूस लागतो तो यासाठी, आणि तो त्या पाखाडीवरून रोज चालणारा असला तर उत्तम.

अर्ज, पोहोच आणि माहितीचा अधिकार

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. पोहोच द्यायला कोणी कुरकुर करत असेल तर स्पीड पोस्टने पाठवा. पोहोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

साध्या अर्जाने कागद मिळाला तर माहितीचा अधिकार वापरू नका; तो वापरला की समोरचा सावध होतो. नाहीच मिळाला तर २००५ चा कायदा आहे. 'नमुना अ' मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प किंवा रोख. रोख दिलीत तर पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. प्रत पानाला दोन रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ग्रामपंचायतीत जन माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. उत्तराला ३० दिवस.

प्रश्न विचारण्यात खरं कसब आहे. "पाखाडीचं काम निकृष्ट का झालं?" याला उत्तर येणार नाही, कारण कायदा कागद देतो, कारणं देत नाही. असं लिहा: "अमुक वाडीतील पाखाडी काँक्रीटीकरण, आर्थिक वर्ष अमुक. मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकातील नोंदी आणि अदा केलेल्या देयकाची प्रत मिळावी." बस. 'गेल्या वीस वर्षांची सर्व माहिती' मागणारे अर्ज मी पाहिले आहेत. त्यात ग्रामसेवकाचा महिना जातो, हाती गठ्ठा येतो आणि तो कोणी वाचत नाही.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुम्हाला परत फिरवायचा नसतो. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्यांकडे, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड करू शकतो. पण आयोगापुढे तारीख लागायला फार वेळ जातो, तेव्हा पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जाच. माझ्या ओळखीतली बहुतेक प्रकरणं तिथेच मिटली. सुनावणीच्या आदल्या दिवशी ग्रामसेवक कागद घेऊन घरी येतो.

दाखल्यांसाठी मात्र हा रस्ता नको. जन्म-मृत्यू-विवाह नोंद, ८ नंबरचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात. किती दिवसांत द्यायच्या, ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेलं असायला हवं. मुदत टळली की त्याच कायद्याखाली अपील. तालुक्याला फाइल अडली असेल तर 'दप्तर दिरंगाई'चा कायदाही ध्यानात ठेवा: कुठल्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं तो सांगतो. हे वाक्य अर्जात नुसतं लिहिलं तरी फाइल हलते, हा अनुभव आहे.

वरची दारं

तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. खालच्या कार्यालयात अर्ज देऊन झाला असेल तरच तिथे वजन पडतं. गटविकास अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही तर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. सरपंचाने पदाचा गैरवापर केला असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली विभागीय आयुक्तांपर्यंत प्रकरण जातं. कोणी सरळ लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४. तिथे अर्जविनंत्यांत वेळ घालवू नका, आणि आधी गावात बोलूही नका.

लेखापरीक्षणाचा अहवाल हे त्यातल्या त्यात दुर्लक्षित दार आहे. 'मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण आक्षेप आणि त्यांची पूर्तता' एवढंच मागा. तुम्हाला जे शोधायला वर्ष लागेल ते लेखापरीक्षकाने आधीच एका परिच्छेदात लिहून ठेवलेलं असतं, आणि पूर्ततेच्या रकान्यात बरेचदा काहीच नसतं.

हिशेब विचारायची सवय लागली की ती देवस्थान समिती आणि मुंबई मंडळापर्यंत पोचते. तिथे नमुना ५ नाही की सोमवारी ३ ते ५ नाही. मी मंडळाच्या सभेत वर्गणीचा ताळेबंद मागितला तेव्हा ग्रामपंचायतीत कधी झाला नव्हता एवढा माझा पाणउतारा झाला. ताळेबंद आला, पण पुढच्या वर्षी.

पाखाडीचं अजून एक राहिलंय. ती २३ नंबरला नव्हतीच, हे एमबी शोधताना कळलं. म्हणजे सरकारी पैसा खाजगी वाटेवर पडला होता, आणि उद्या कोणी गडगा घातला तर अडवता आलं नसतं. ग्रामसभेत नोंदीचा ठराव झाला, सूचक काकी, अनुमोदक मी. पाच जमीनमालकांपैकी तिघांची संमतीपत्रं आली. चौथा विरारला असतो, गणपतीला येईल. पाचवी माझी ती वहिनी. परवा तिने पहिल्यांदा विचारलं, कागद मराठीत आहे ना?